बाविसाव्या दिवसाचा हिशेब

अंडी उबवण्याचं मशीन विकणारा एकच आकडा पुढे करतो: शंभर अंड्यांतून किती पिल्लं निघतील. कुणी नव्वद सांगतो, कुणी पंच्याण्णव. थर्माकोलच्या पेटीत बल्ब आणि पंखा बसवलेल्या जुगाडापासून अंडी आपोआप फिरवणाऱ्या डिजिटल यंत्रापर्यंत सगळं आता घरपोच येतं, आणि घेणारेही भरपूर आहेत. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या पक्ष्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांवर गेलेली दिसते. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ सुमारे ४६ टक्के आहे, आणि त्याच काळात व्यापारी कुक्कुटपालन वाढलं ते अवघं साडेचार टक्के. तेव्हा घरी पिल्लं काढणं हा निव्वळ हौसेचा विषय नाही, कोट्यवधी घरांच्या मिठामिरचीचा आहे. मशीनवाल्याचा आकडा दर वेळी खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण तो एकविसाव्या दिवशी मोजलेला असतो, आणि घराला उपयोगाचा आकडा दोन महिन्यांनी मोजायचा असतो: किती पिल्लं जगली आणि स्वतःचं खाणं स्वतः टिपू लागली. त्या दिवशी मोजलं तर खुडूक कोंबडीचं पारडं जड भरतं. मशीनला काम उरतं, पण ते घरातलं नव्हे, गावातलं.

आधी मशीनचं काम नीट समजून घेऊ, कारण त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस साधारण ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा खालच्यापेक्षा गरम असते, म्हणून तिथे अंड्याच्या माथ्याशी एखादा अंश जास्त ठेवावा लागतो. थर्मामीटर पेटीच्या तळाशी टाकून बिनधास्त राहणाऱ्याची निम्मी अंडी इथेच जातात. एक अंश सतत कमी पडला तर पिल्लं रेंगाळत निघतात. एक अंश जास्त झाला तर घाईने निघतात, पण बेंबी न भरलेली आणि पायांत जोर नसलेली. अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवत राहावी लागतात, नाहीतर वाढणारं पिल्लू कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतं. हाताने फिरवणारे शिसपेन्सिलीने अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढतात, आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम संख्येनेच फिरवतात. रात्रीचा लांब पल्ला रोज एकाच कुशीवर जाऊ नये, हे त्यामागचं गणित. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडं टॉर्चवर धरलं की आतलं सगळं दिसतं: मधोमध गडद ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फुटलेल्या लाल शिरा असतील तर अंडं चालू आहे. स्वच्छ पिवळं दिसलं तर ते फळलेलंच नव्हतं. आणि नुसतं एक लाल कडं दिसलं तर जीव धरून मेलेलं.

उष्णतेइतकीच गोची पाण्याची आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. अंडं उबताना त्यातून पाण्याची वाफ बाहेर जावी लागते. अठराव्या दिवसापर्यंत वजन सुमारे १२ टक्के घटलं, की रुंद टोकाची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते. कवच फोडण्याआधीचा पहिला श्वास पिल्लू याच पोकळीत घेतं. गावठी कोंबडीचं ४५ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी चाळीस ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. सोनाराच्या छोट्या काट्यावर हे कुणालाही तपासता येतं, आणि स्वस्तातल्या मशीनवरच्या आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा हा काटा जास्त खरं बोलतो. पहिल्या अठरा दिवसांत पन्नास ते पंचावन्न टक्के आर्द्रता आणि शेवटच्या तीन दिवसांत पासष्ट ते सत्तर, असं सगळी माहितीपत्रकं सांगतात. पण जुलैतल्या कोकणात खोलीतलीच हवा नव्वदीच्या घरात ओली असते. तिथे अंड्यातून पुरेसं पाणी सुटत नाही, पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच गुदमरतं. मराठवाड्यातल्या कोरड्या फेब्रुवारीत नेमकं उलटं होतं. पिल्लू टोचा मारतं, कवचाला भोक पडतं, आणि तेवढ्यात आतला पापुद्रा सुकून कागदासारखा अंगाला आवळतो. मग मालक दयेपोटी कवच सोलायला जातो, रक्ताची शीर तुटते आणि दोष मशीन विकणाऱ्यावर जातो. त्यातही सगळ्यात मोठी मेख उन्हाळ्याची. घरगुती मशीनला तापवता येतं, गार करता येत नाही. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा थर्मोस्टॅट बल्ब बंद करून गप्प बसण्यापलीकडे काहीही करू शकत नाही, आणि आतली अंडी शिजत राहतात. वीज गेल्याची भीती लोकांना फार वाटते. वास्तविक तास-दोन तासांचा गारवा गर्भ बऱ्यापैकी सोसतो. त्याला सोसत नाही ती उष्णता.

आता खुडूक कोंबडीकडे वळू. अंडी घालायची थांबली, अंग फुगवून खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहिली, हात लावला की गुरगुरते आणि चोच मारते, ही लक्षणं परसात वावरणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतात. आत काय घडतं ते असं: प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, छातीपोटावरची पिसं झडतात आणि तिथली उघडी, रक्ताने भरलेली गरम कातडी थेट अंड्यांना लागते. त्या कातडीला अंडी लागत राहतात तोवर प्रोलॅक्टिन टिकून राहतं, म्हणजे अंडीच कोंबडीला बसवून ठेवतात. दिवसातून एकदा ती उठते, दाणापाणी करते, मातीत अंग घोळते आणि अंडी गार पडायच्या आत परत येते. कडेची अंडी चोचीने मध्ये ओढते, मधली कडेला सारते. फिरवायची वेळ तिला कुणी सांगावी लागत नाही. शेवटच्या दोन-तीन दिवसांत कवचाच्या आतून पिल्लं चिवचिवायला लागतात आणि कोंबडी खालच्या पट्टीत क्लुक-क्लुक करून उत्तर देते. लाव्यांच्या अंड्यांवर १९६०च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून असं दिसलं, की शेजारच्या अंड्यांचे आवाज ऐकून मागे पडलेली पिल्लं घाई करतात आणि सगळी जवळपास एकदम बाहेर येतात. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांना हे आवश्यकच, कारण आई पहिली चार पिल्लं घेऊन निघाली की मागची अंडी गेलीच म्हणायची. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या लहान कुक्कुटपालनावरच्या पुस्तिकेत कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांपैकी पंचाहत्तर ते ऐंशी टक्के अंड्यांतून पिल्लं निघणं समाधानकारक मानलं आहे. मशीनच्या जाहिरातीपेक्षा हा आकडा कमी दिसतो खरा. पण जाहिरातीतली टक्केवारी बहुतेक वेळा फळलेल्या अंड्यांची असते आणि पुस्तिकेतली ठेवलेल्या सगळ्या अंड्यांची, हे ध्यानात घेतलं तर अंतर पुष्कळ कमी होतं.

पण मुख्य मुद्दा तो नाही. समजा, मशीनने पन्नासपैकी चाळीस पिल्लं काढली आणि कोंबडीने बारापैकी नऊ. एकविसावा दिवस मशीनचा. बाविसाव्या दिवसापासून मात्र मशीन बंद असतं आणि चाळीस पोरकी पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात असतात. त्यांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत महिनाभर. बल्ब खाली आला तर पिल्लं दूर पळून धापा टाकतात, वर गेला तर बल्बाखाली एकमेकांवर चढतात आणि खालची चेंगरून मरतात. रात्री तीनला वीज गेली तर कोण उठणार? दाटीत आणि ओल्या तुसात रक्ती हगवण लागते. मशीनचे पैसे मोजणारा घरमालक ब्रूडरचा (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीचा), स्टार्टर खाद्याचा आणि पाच-सहा आठवड्यांच्या जागरणाचा हिशेब क्वचितच मांडतो. कोंबडीच्या पिल्लांना यातलं काही लागत नाही. थंडी वाजली की ती पंखाखाली जातात, ऊब झाली की बाहेर येतात. काय टिपायचं ते आई चोचीने दाखवते; दाणा उचलून पुन्हा खाली टाकते आणि विशिष्ट आवाज करते. उकिरड्यातला किडा, पावसाळ्यातली वाळवी, सांडलेली कणी यांवर पिल्लं पोसली जातात, आणि त्या खाण्याला बिल येत नाही. वर घार दिसली तर कोंबडीचा इशारा वेगळा, जमिनीवर मांजर किंवा मुंगूस आलं तर वेगळा. पिल्लं त्यानुसार दडतात किंवा पांगतात. खोक्यात वाढलेलं पिल्लू दीड महिन्याने परसात सोडलं, तर त्याला यातला एकही धडा मिळालेला नसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो बिनबुडाचा नाही. कोंबडीखालची पिल्लंही मरतातच की! घार, मुंगूस, साप, मोकाट कुत्री आणि मानमोडीचा रोग मिळून एका वेतातली निम्मी पिल्लं नेतात, हे कुठल्याही गावात ऐकायला मिळतं. मान्य. पण ही मरणं टाळायला काय लागतं ते बघा. पहिले तीन-चार आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली ठेवायची, दिवसातून थोडा वेळ राखणीत सोडायची, आणि डालग्यात पिल्लांना वेगळं खाणं द्यायचं. डालगं बुरुडाकडे मिळतं. खोक्यातली मरणं टाळायला मात्र अखंड वीज, विकतचं खाद्य आणि जागं माणूस लागतं. दोन्हीकडे तूट आहे; एक भरून काढायला स्वस्त आहे, दुसरी महाग.

दुसरा आक्षेप अंड्यांचा. कोंबडी खुडूक झाली की उबवण्याचे तीन आठवडे आणि पिल्लं सांभाळण्याचे दोनेक महिने ती अंडी देत नाही. म्हणूनच खुडूक मोडण्याचे नाना उपाय गावात चालतात: पाण्यात बुचकळायचं, पाय बांधून ठेवायचं, नाही तर तिचंच पीस नाकपुड्यांतून आरपार घालायचं. (शेवटचा उपाय क्रूर आहे. हवेशीर जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवलं की तेच काम होतं.) गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, तीही तीन-चार वेतांत. एक खुडूक मोडून तिच्याकडून एखाद-दुसरं जास्तीचं वेत मिळालं तर पंधरा-वीस, फार तर तीस अंडी हाती येतात. गावठी अंड्याला दहा रुपये धरले तर तीनशे रुपये. तेवढ्याच काळात तिने पाच-सहा पिल्लं जरी मोठी केली, तरी एका कोंबड्याच्या विक्रीतच हे तीनशे वसूल होतात. अंड्यासाठी पाळलेल्या पांढऱ्या लेगहॉर्नला हा हिशेब लागू नाही. तिच्यातून खुडूकपणा पिढ्यानपिढ्यांच्या निवडीने जवळपास काढूनच टाकला आहे, आणि वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या पक्ष्याने उबवत बसणं मालकाला परवडणारही नाही. पण परसातली कोंबडी हा निराळा धंदा आहे. इथे नरही वाया जात नाही. अंड्यांच्या व्यापारी धंद्यात नर पिल्लू निघाल्या दिवशीच मारतात (जर्मनीने २०२२पासून कायद्याने ते बंद केलं), आणि परसात तोच कोंबडा जत्रेला, नवसाला, पाहुण्याला सगळ्यात जास्त भाव घेतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. ज्यांच्याकडे गिरिराज किंवा वनराज आहे त्यांनी काय करायचं? हे सुधारित पक्षी सहसा खुडूक होत नाहीत. शिवाय ते संकराचे असल्याने त्यांच्या अंड्यांतून निघणारी पिल्लं आईबापांसारखी उतरतीलच असं नाही. दर खेपेला नवी पिल्लं खडकी, कोल्हापूर, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राकडून नाही तर खासगी हॅचरीतून आणावी लागतात. एक दिवसाचं पिल्लू दूरवर पाठवता येतं याचं कारण मोठं सोयीचं आहे: बाहेर येण्यापूर्वी ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस काढू शकतं. या व्यवस्थेला माझा विरोध नाही; अंडं आणि मटण दोन्ही वाढवायला तिचा उपयोग झाला आहे. पण सगळं गाव विकतच्या पिल्लांवर आलं, तर पिल्लू थांबलं की पाळणं थांबतं. शासकीय योजनेतून आलेली खेप संपली आणि खुराडं रिकामं पडलं, हे चित्र कुणालाही नवं नाही. गावात चार-सहा खुडूक होणाऱ्या गावठी कोंबड्या राखून ठेवणं ही त्यावरची सर्वांत स्वस्त तजवीज आहे. गिरिराजची अंडीही त्यांच्याखाली ठेवता येतात. कोंबडी अंड्याची जात विचारत नाही.

मग मशीन कुठे बसवायचं? याचं उत्तर इजिप्तने फार पूर्वी दिलं आहे. तिथे अंडी शेणाच्या ढिगात पुरून उबवतात, असं अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलं. पुढे मातीच्या मोठ्या भट्ट्यांची घरं झाली. तिथले कारागीर थर्मामीटरविना, अंडं स्वतःच्या पापणीला लावून उष्णता जोखत. रेओमूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ साली त्यावर ग्रंथच लिहिला आणि युरोपात तसं यंत्र उभं करण्याची खटपट केली. यात मला महत्त्वाचं वाटतं ते तंत्र नव्हे, व्यवहार. भट्टी घरोघरी नव्हती. पंचक्रोशीतली अंडी एका जाणत्या माणसाकडे जात आणि ठरलेल्या वाट्याने पिल्लं परत येत. प्रवाशांच्या नोंदींत तीन अंड्यांमागे दोन पिल्लं असा करार आढळतो. आपल्याकडे प्रत्येक घरात दळणाची गिरणी नसते, गावात एक असते आणि तिचा चालक जात्याचा आवाज ओळखतो. उबवणीचंही तसंच व्हायला हवं. पन्नास अंड्यांची स्वस्त पेटी दहा घरांत वर्षातून दोनदा चालवण्यापेक्षा एका बचत गटाने पाचशे अंड्यांचं चांगलं यंत्र, इन्व्हर्टर आणि वजनकाटा घेऊन वर्षातले आठ-नऊ महिने चालवावं. चालवणारा हात रोजचा असला की चुका कमी होतात.

त्यात आणखी एक फायदा आहे, ज्याकडे पशुवैद्यक वारंवार लक्ष वेधतात. मानमोडीवरची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून द्यायची असते. तिची कुपी शंभर आणि त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा विरघळवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी ती कोण फोडणार? पण गावातली दीडशे पिल्लं एकाच दिवशी निघाली तर एक कुपी, एक सकाळ आणि एक पशुधन पर्यवेक्षक पुरतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. वीस घरची अंडी एका पेटीत म्हणजे वीस घरचे रोग एका पेटीत. पुलोरमसारखा आजार अंड्यातूनच येतो आणि पिल्लं निघताना उडणाऱ्या लवेबरोबर सगळ्या यंत्रात पसरतो. म्हणून शेणाने माखलेली अंडी घ्यायची नाहीत, पिल्लं निघण्याचा कप्पा वेगळा ठेवायचा आणि प्रत्येक खेपेनंतर यंत्र रिकामं करून धुऊन वाळवायचं. हे जमणार नसेल तर यंत्र न घेतलेलंच बरं.

आणि यंत्रातली पिल्लं खोक्यात न जाता कोंबडीकडे जायला हवीत. यात नवल काहीच नाही, अनुभवी बाया हे करतातच. यंत्रात अंडी ठेवली त्याच दिवशी दोन-तीन खुडूक कोंबड्या थोड्या अंड्यांवर बसवायच्या. बसवायच्या त्या रात्रीच, म्हणजे त्या बिथरत नाहीत. पाटीत खाली राख, वर भाताचा पेंढा आणि थोडा कडुलिंबाचा पाला टाकला की उवांचा त्रास कमी होतो. एकविसाव्या रात्री अंधारात यंत्रातली ताजी पिल्लं एकेक करून कोंबडीच्या पंखाखाली सरकवायची आणि तिची न फुटलेली अंडी काढून घ्यायची. पिल्लांचा स्पर्श झाला की कोंबडीतलं प्रोलॅक्टिन उतरतं आणि उबवणारी कोंबडी सांभाळणारी होते. सकाळी ती वीस-पंचवीस पिल्लं आपलीच समजून घेऊन निघते. बारा-पंधरा अंड्यांपलीकडे तिचं अंग पुरत नाही, पण उबदार दिवसांत तेवढ्या पिल्लांची आई ती सहज होऊ शकते. अट एवढीच की पिल्लं एक-दोन दिवसांची हवीत. चार दिवसांचं पिल्लू तिला आई मानत नाही, आणि तीही त्याला टोचते.

तेव्हा मशीन घ्यायला निघालेल्यांना सांगणं एवढंच आहे. आधी अंडी सांभाळायला शिका: आठवड्याच्या आतली, निमुळतं टोक खाली करून, ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात गार ठेवलेली, कारण पंचविशीपुढच्या उष्णतेत गर्भ अर्धवट वाढून मरतो आणि त्या अंड्याला ना कोंबडी वाचवू शकत ना मशीन. दहा माद्यांमागे एक तरणा कोंबडा आहे ना, ते पाहा. मे महिन्यात दोन्ही उद्योग बंद ठेवा. आणि परसात एखादी कोंबडी खुडूक बसली असेल तर तिच्या नाकात पीस घालण्यापूर्वी, तिच्याखाली बारा अंडी ठेवून दोन महिन्यांनी पिल्लं मोजा.